फॅमिली रिसॉर्टला दोघंच जायचंय? मग निघायच्या आधी हे वाचून घ्या

नवीन लग्न झालंय, नाहीतर लग्नाला बरीच वर्षं झाली आणि लेकरं आता होस्टेलला गेलीत, आणि दोघांनीच समुद्रावर जाऊन तीन-चार दिवस राहायचं ठरलंय. मग पहिला प्रश्न हाच पडतो, की त्या मोठ्या रिसॉर्टला जावं का, जिथं शंभराच्या वर खोल्या, पूल, घसरगुंड्या, बुफे आणि जिकडं बघावं तिकडं लेकरंच लेकरं. बरेच जण सांगतेत नका जाऊ, तिथं कसली प्रायव्हसी. मला तर हे पटतच नाही. छोट्या होमस्टेला मालकीणबाई लई प्रेमळ असतेत, पण दिवसातून चारदा विचारपूस, कुठं निघालात, जेवायला किती वाजता येताव, आणि भिंतीपलीकडं दुसरं बिऱ्हाड. मोठ्या रिसॉर्टला तुमच्याकडं बघायला कुणाला टाइमच नसतो, आईबापांचं सगळं लक्ष आपापल्या पोरांवर. एकत्र कुटुंबात नांदलेल्या माणसाला गर्दीत एकांत कसा काढायचा हे काय वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय घरी सांगायला सोपं, 'फॅमिली रिसॉर्ट आहे' म्हटलं की सासूबाई पुढं काही विचारत नाहीत. (आता त्या 'मग आम्ही पण येताव की' म्हणल्या तर त्याला माझ्याकडं उपाय नाही.)

फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची. असल्या रिसॉर्टमधी सगळी गर्दी लेकरांच्या घड्याळावर चालते, लेकरं कधी उठली, कधी भुकेली, कधी झोपली, त्याच्यावर. तुमचं घड्याळ त्याच्या उलटं लावलं की तेच रिसॉर्ट निम्मं रिकामं सापडतंय.

तारीख ठरवतानाच हे सुरू करा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक तारीख, आणि परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत, एवढं टाळायचं. आपल्याकडं मराठवाड्यात उन्हाळा ४२ वर गेला की समुद्र आठवतो हे खरंय, पण मे महिन्यात कोकणात घामानं जीव जातो आणि रेट पण चढलेले असतेत. बेस्ट म्हणजे जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत. फेब्रुवारी-मार्चमधी बारावी-दहावीचे पेपर, बाकीच्यांच्या परीक्षा तोंडावर, त्यामुळं पोरंवाले घरातच बसलेले असतेत. २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड तेवढा सोडा. आणि आठवड्यात रविवारी दुपारी जायचं, गुरुवारी निघायचं, शुक्रवार-शनिवारी पुण्या-मुंबईचे लोक येऊन पडतेत. पावसाळ्यात स्वस्त मिळतंय, पण तवा समुद्रात उतरायचं नसतं, वॉटर स्पोर्ट बंद, सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बंद, आणि जून-जुलैला मासेमारीला बंदी असते म्हणून ताजं मासळीचं ताट पण अवघड. नुसता पाऊस बघत खोलीत पडून राहायचं असेल तर मात्र जरूर जा, त्याच्यासारखं सुख नाही.

आता जायचं कसं. लातूर, धाराशिव, नांदेडकडून रत्नागिरी-नागपूर हायवे धरला की तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर. तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी-गणपतीपुळे, किंवा राधानगरीवरून फोंडा घाटानं कणकवली आणि मग मालवण-तारकर्ली, किंवा आंबोली घाटानं सावंतवाडी आणि पुढं गोवा. संभाजीनगर-जालन्याच्या लोकांना समृद्धी आहेच, जून २०२५ पासून ती पार भिवंडीपर्यंत सुरू झाली, त्यामुळं अलिबागकडं जायचं असेल तर मुंबई गाठून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालून मांडव्याला उतरता येतं, साधारण तासाभराचा प्रवास, आणि ट्रिपमधी त्या बोटीचीच मजा वेगळी. रेल्वेनं जायचं तर मुंबईला जाऊन कोकण रेल्वे. तारकर्लीला कुडाळ, उत्तर गोव्याला थिविम, दक्षिण गोव्याला मडगाव. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी सुटतंय, खोली बुक करायच्या आधी ते बघा.

रात्रभर गाडी चालवून सकाळी आठला रिसॉर्टच्या दारात जाऊन उभं राहू नका. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला असतं, सहा तास लॉबीच्या सोफ्यावर पेंगत बसावं लागेल आणि बाहेर पडेपर्यंत दोघांचं भांडण झालेलं असेल. कोल्हापूरला मुक्काम टाका. नव्या जोडप्याला तर हा रस्ता लईच सोयीचा, तुळजापूरची आई आणि कोल्हापूरची अंबाबाई, दोन्ही देव्या वाटेवर, जोडीनं दर्शन पण होतं आणि घरचे पण खुश. सकाळी निघालं की घाट उतरून दुपारी जेवायच्या वक्ताला पोचताव, लगेच खोली हातात.

बुकिंग ॲपवर रेट बघा पण शेवटी एकदा रिसॉर्टला फोन लावाच, कारण खोली कुठली मिळणार ते ॲपला कळत नाही. पहिला प्रश्न, 'त्या तारखांना तुमच्याकडं लग्न आहे का?' आजकाल डेस्टिनेशन वेडिंगचं खूळ आहे आणि लॉनवर संगीत असलं की तुमची खोली कितीही लांब असू द्या, डीजे छातीत वाजतो. रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, पण दहापर्यंत तुम्ही काय करणार. लग्नासोबत 'कंपनीची मीटिंग आहे का' हे पण विचारा. खता-बियाण्याच्या कंपन्या डीलर लोकांना गोव्याला नेतेत, आणि तुम्ही निवांत पूलमधी पाय सोडून बसलेले असताना मागून 'अहो पाटील, तुम्ही इकडं कुठं?' असा आपल्याच तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रवाल्याचा आवाज आला की हनिमून तिथंच संपला.

मग खोलीचं. फोनवरचा माणूस म्हणतो, 'मॅडम, सी व्ह्यू आहे.' तुम्ही विचारायचं, 'पलंगावर बसून दिसतो का गॅलरीतून मान वाकडी करून?' तो हसला की समजून जा. सी फेसिंग म्हणजे समोर समुद्र, सी व्ह्यू म्हणजे कुठून तरी दिसतो, आणि पार्शल म्हणजे दोन नारळांच्या मधून निळी रेघ. आणि बीचफ्रंट लिहिलंय म्हणून दार उघडलं की वाळू असं पण नसतं, किनाऱ्यालगत बांधकामाला १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, गावाकडच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी भरतीच्या रेषेपासून २०० मीटर जागा सोडावी लागते, म्हणून मधी बाग नाहीतर सुरूचं बन असतंच. 'प्रायव्हेट बीच' ला पण भुलू नका, किनारा सरकारचा असतो, तिथं गावातलं कुणीही फिरू शकतं. खरं महत्त्वाचं काय, तर खोली पूलपासून, किड्स क्लबपासून आणि लिफ्टपासून लांब पाहिजे. वरचा मजला मागा, म्हणजे डोक्यावर कुणी पळत नाही, आणि पॅसेजच्या टोकाची मागा. इंटरकनेक्टिंग दार नको म्हणून स्पष्ट सांगा, ते फॅमिलीवाल्यांसाठी असतंय, दोन खोल्यांच्या मधी नुसतं एक लाकडी दार, पलीकडचं लेकरू दूध प्यायला नको म्हणतंय ते पण ऐकू येतं. आणि एक सलग डबल बेड पाहिजे असं सांगा, नाहीतर दोन सिंगल पलंग जोडून वरून एक चादर, आणि रात्री मधल्या फटीत कोण पडणार त्याची वाट बघा. हे सगळं फोनवर बोलून झालं की व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर लिहून घ्या.

रेटचं एक गणित आहे ते नीट बघा. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून एका रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असलं तर ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दोनशेच्या फरकाला जवळपास बाराशे जातेत, तवा काठावरची खोली असली तर भाव थोडा खाली करून मागायला लाजू नका. प्लॅनमधी सीपी म्हणजे नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही त्रिकाळ, ईपी म्हणजे नुसती खोली. दोघांना सीपी पुरे. एपी घेतलं की पैसे वसूल करायच्या नादात दिवसातून तीनदा बुफेच्या गर्दीत जाऊन बसावं लागतंय आणि बाहेर चांगली खानावळ दिसली तरी पाय उचलत नाही.

आयडी दोघांचा लागतो, ओरिजिनल आधार किंवा लायसन. पॅन बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत कारण त्याच्यावर पत्ता नसतो. आधारवर बायकोचं माहेरचं नाव आहे म्हणून काही अडत नाही, लई जणी ह्याच्यामुळं घाबरतेत. लग्न झालेलं नसलं तरी अठराच्या वरच्या दोघांनी एका खोलीत राहायला कायद्यात बंदी नाही, पण रिसॉर्टवाले स्वतःचे नियम ठेवतेत, त्यामुळं आधीच फोनवर विचारून मोकळं व्हा, दारात वाद घालण्यापेक्षा बरं.

आता पोचल्यावरचा दिवस. आपल्याला पहाटे उठायची सवय, ती तिथं कामाला येते. सहा-साडेसहाला वाळूवर जा, रात्रीच्या पाण्यानं धुतलेली वाळू, खेकड्यांनी बिळाबाहेर काढून ठेवलेल्या बारीक गोळ्यांची रांगोळी, आणि लांबवर एखादा रापण म्हणजे मोठं जाळं ओढणारा घोळका, बाकी कुणी नाही. नाश्ता साडेसातला उघडला की पहिल्या पंधरा मिनिटांत जा नाहीतर सरळ दहानंतर. नऊ ते पावणेदहा तिकडं फिरकायचं पण नाही. त्या वेळेला डोश्याच्या काउंटरवर बारा-पंधरा माणसं, मधी एक पोरगं ताटलीत फक्त जेली घेऊन उभं, त्याची आई मागून 'आधी इडली!' ओरडायलीय, ज्यूसच्या मशीनखाली चिकट तळं, आणि दोघांना समोरासमोर टेबल मिळतच नाही, आठ जणांच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसवतेत. आमच्या ह्यांना समुद्रापेक्षा तो डोसाच जास्त आवडतो, त्यामुळं आम्ही उघडायच्या आधीच दारात.

पूलचं पण तसंच. अकरा ते एक आणि चार ते साडेसहा लेकरांचं राज्य. नाश्ता लवकर उरकून आठ-साडेआठला, किंवा दुपारी दोन-अडीचला, पोरं जेवून झोपली की पाणी शांत होतंय. फेब्रुवारीत दुपारचं ऊन सोसतं पण सनस्क्रीन लावाच, 'आपल्याला उन्हाची सवय आहे' म्हणणाऱ्यांचीच नाकं सोलून निघतेत, कारण तिथं वाळू आणि पाण्यावरून खालून पण ऊन लागतंय. पूलमधी कॉटन चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतेत. बायकांना पूर्ण बाह्यांचा, लेगिंग जोडलेला स्विमिंग ड्रेस मिळतो, मस्त झाकून बसता येतं, पण तो गावातूनच स्पोर्टच्या दुकानातून घेऊन जा, रिसॉर्टच्या दुकानात त्याचेच दुप्पट-तिप्पट सांगतेत. काही मोठ्या ठिकाणी फक्त मोठ्यांसाठी वेगळा छोटा पूल असतो, बोर्डावर लिहिलेलं नसतं, रिसेप्शनला विचारायचं.

समुद्राचं मात्र जरा जास्त सांगते, कारण आपल्याकडची माणसं इथंच फसतेत. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेला, गोदावरीच्या डोहात पोहलेला माणूस म्हणतो मला पोहता येतंय. विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं हो, समुद्राचं तुम्हाला घेऊन जातं. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जाताना एखाद्या पट्ट्यातून जोरात आत ओढतं, आणि गंमत म्हणजे तो पट्टा वरून शांत दिसतो, तिथं लाटा फुटत नाहीत, त्यामुळं नवखा माणूस बरोबर तिथंच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून जीव तोडून पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग लाटेसोबत आत यायचं, आणि हात वर करून मदत मागायची. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला देखणा पण पोहायला धोक्याचा, तिथं माणसं गेलेली आहेत, दर्शन घ्या, पाय भिजवा आणि बास. गोव्यात २००८ पासून 'दृष्टी' कंपनीचे लाइफगार्ड असतेत, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधीच उतरायचं, नुसता लाल झेंडा दिसला की पाण्यात जायचं नाही. अंधार पडल्यावर, आणि पिऊन तर अजिबातच नाही. गोव्यात उघड्यावर किनाऱ्यावर बसून प्यायला आणि वाळूत गाडी घालायला पण बंदी आहे. आणि बंदी नसती तरी वाळूत घातलेली गाडी भरती आली की ट्रॅक्टर बोलवूनच काढावी लागते.

भरतीवरून आठवलं, ह्याला ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतेत. पंचमी असली तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, पहाटे पण आणि दुपारी पण, आणि त्याच्या मधी सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरा. शुद्ध-वद्य दोन्हीला हेच. आता दोघांना ह्याचा उपयोग काय, तर संध्याकाळी सूर्य बुडताना चालायला वाळू पाहिजे. सप्तमी-अष्टमीला सूर्यास्ताला भरती असते, पाणी वर चढलेलं, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं रिसॉर्ट भेळ खात उभं. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी, त्यात उधाणाचे म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस असल्यानं पाणी लई लांब जातं आणि एवढी मोठी वाळू उघडी पडते की दहा मिनिटं चाललं की तुमच्या आजूबाजूला कुणी नसतं. पुनवेला तर पश्चिमेला सूर्य बुडायला आणि मागं माडांच्या वर चंद्र यायला एकच वेळ. तारखा ठरवताना पंचांग बघायचं ते ह्याच्यासाठी. त्या दिवसांत दुपारच्या उधाणात मात्र पाण्यात जायचं नाही, लाटेला जोर असतो.

जेवणाचं थोडक्यात. रात्री लेकरंवाले साडेसात ते नऊ जेवतेत, तुम्ही साडेनऊला जा, बुफे बंद व्हायच्या आधी अर्धा तास, टेबल पण कोपऱ्यातलं मिळतं. एखाद्या रात्री आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर लॉनवर वेगळं टेबल लावून देतेत, कॅन्डल लाइट डिनर म्हणून पॅकेज विकतेत ते महाग, तेच जेवण नुसतं 'बाहेर बसतो' म्हणून मागितलं तर बऱ्याच वेळा तसंच मिळून जातं. मासा मागवायच्या आधी भाव विचारा, सुरमई-पापलेटचा भाव साइजवर असतो आणि मेन्यूत आकडा नसतो. नारळाचं वाटण आपल्या जिभेला दुसऱ्या दिवशी गुळमट लागायला लागतं, त्यासाठी बॅगेत शेंगदाण्याची चटणी असू द्या. जाताना वाटेवर खायला धपाटे बांधले तर ते पहिल्या संध्याकाळी गॅलरीत किटलीतल्या चहासोबत संपवा, बाहेरचं खाणं रेस्टॉरंटमधी नेऊ देत नाहीत, खोलीत कुणी बघत नाही. सोलकढी मात्र कुठंच सोडू नका.

बिल आलं की वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, २०२२ मधी ग्राहक प्राधिकरणानं तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मधी दिल्ली हायकोर्टानं ते उचलून धरलंय, तवा लावलेला असला तर काढा म्हणा, शांतपणे. त्याच्याऐवजी ज्या पोरानं रोज खोली झाडली, वाळू काढली, त्याच्या हातात द्या. चेक-इनला डिपॉझिट घेतलं असेल तर परत मागून घ्या, फ्रिजमधल्या बाटल्या मोजून दाखवा.

चेक-आउट अकराला असतं. रविवार ते गुरुवार गेलात तर आदल्या संध्याकाळी रिसेप्शनला विचारा, खोली लागलेली नसली तर एक-दोनपर्यंत फुकट देतेत, सकाळी ऐनवेळी विचारलं तर नाही म्हणतेत. नाहीच दिली तर सामान क्लोकरूमला ठेवून पूल वापरता येतो आणि निघताना अंघोळीला पूलजवळची बाथरूम असतेच. गोव्यावरून येताना डिकीत बाटल्या भरून आणू नका, हद्दीजवळच्या बांदा गावच्या चेकपोस्टला गाड्या उघडून बघतेत आणि परमिट नसलं की केस होते. आणायचंच असलं तर सावंतवाडीत थांबून लाकडी खेळणी घ्या, आणि मालवणातून खाजं, कोकम आगळ. आगळाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उभी ठेवा, आंबोलीच्या वळणांवर सांडली तर डिकीतले कपडे गेले समजा.